शिवणीतला नंबर कुणाचा?

ब्रँडच्या नावानं आपली पोरं येडी झालीत असं म्हणणारी मंडळी आपल्यातही कमी नाहीत. मीटिंग संपली की टपरीवर चहाबरोबर हे सुरू होतं. खिशात दमडी नाही आणि अंगावर अमेरिकन कंपनीचा शर्ट पाहिजे, भांडवलशाहीनं डोकी नासवली, वगैरे वगैरे. मी त्यांच्या बाजूचा नाही. हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको.

आपल्या अंगावरच्या कपड्याचा हिशेब फार जुना आहे दोस्तांनो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय नेसायचं तेसुद्धा ठरवून टाकलंय. मेलेल्याचे कपडे. म्हंजे मढ्यावरचं काढायचं आणि आपल्या अंगावर घालायचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितलं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, अंगभर नीट नेसा, ते जाडजूड चांदीचे दागिने काढा. कपडा ही आपल्यासाठी कधीच चैनीची बाब नव्हती. म्हणून पोरीला चांगला फ्रॉक पाहिजे म्हणणाऱ्या बाईला भांडवलशाहीवर भाषण द्यायला मी जाणार नाही.

तर असाच एक फ्रॉक मी घेतला. भाचीचा पाचवा वाढदिवस होता. आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर गेलो. स्टॉलवाला म्हणाला, एक्स्पोर्ट सरप्लस है भाई, ओरिजिनल माल. निळा फ्रॉक, कापड भारी, शिवण एकदम साफ. गळ्याच्या मागं ब्रँडचं लेबल होतं पण मधोमध कात्री मारलेली. उरलेल्या तुकड्यावर अर्धंमुर्धं अक्षर. घासाघीस करून घेतला.

वाढदिवसाला ताईच्या बिल्डिंगमधल्या चारपाच बाया आल्या होत्या. त्यातल्या एकीनं पोरीचे गाल ओढले, आणि गाल ओढता ओढता फ्रॉकचा गळा मागून उलटला. बघितलं. मग ताईला म्हणाली, "छान आहे हो. नाव कापलंय वाटतं. सेकंडचा असेल." ताई काही बोलली नाही. मला मात्र लागलं. कारण ही गळा उलटून बघायची सवय मला चांगली ओळखीची आहे. कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्यानं नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं, आडनाव गाळून. मग गाव कुठलं, गावात कुठं, राहायला कुठं, शाळा कुठली. साला एवढी मेहनत त्यानं कामात केली असती तर साहेब झाला असता. आपण नाव कापून टाकतो, आणि हे लोक आतली शिवण उसवून नंबर वाचतात.

त्या रात्री मी तेच केलं, फ्रॉकचं.

फ्रॉकच्या डाव्या बाजूला आतल्या शिवणीत अजून एक लेबल असतं. पांढरं, मऊ, ज्याच्याकडं कुणी बघत नाही. त्यावर कापूस किती टक्के, धुवायचं कसं, इस्त्री किती गरम, सगळं. स्टॉलवाल्याची कात्री तिथपर्यंत सहसा जात नाही. कारण ते उसवलं तर शिवण उसवते. त्या लेबलावर होतं: आरएन ५४०२३. खाली, मेड इन इंडिया.

आरएन म्हणजे रजिस्टर्ड आयडेंटिफिकेशन नंबर. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाचं सरकारी खातं आहे, ते हा नंबर देतं. तिथला १९५८ चा कापडाचा कायदा सांगतो की कपड्यावर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. धागा कसला, माल कुठल्या देशातला, आणि या मालाला जबाबदार कोण. ही तिसरी गोष्ट कंपनीनं पूर्ण नावानं लिहावी, नाहीतर नावाऐवजी हा नंबर टाकावा. नंबर टाकला की लेबल छोटं होतं, कापड वाचतं, म्हणून बहुतेक जण नंबरच टाकतात. त्याच्याही आधी, १९३९ च्या लोकरीच्या कायद्याखाली डब्ल्यूपीएल नावाचे नंबर दिले जायचे. ते आता नवे देत नाहीत, पण जुने चालतात. लिवाइसच्या जीन्सवर डब्ल्यूपीएल ४२३ सापडतो, लोकरीचा एक धागा त्यात नसताना. कॅनडाचे नंबर वेगळे, ते सीए या अक्षरांनी सुरू होतात. कित्येक लेबलांवर आरएन आणि सीए दोन्ही शेजारी शेजारी असतात, कारण तोच माल दोन्हीकडं जातो.

गंमत अशी की ही आरएनची यादी उघडी आहे. त्या खात्याच्या साइटवर जा, नंबर टाका, कंपनीचं नाव आणि पत्ता समोर. पैसे नाहीत, अर्ज नाही, साहेबाची सही नाही. तिकडं अमेरिकेत जुन्या कपड्यांच्या दुकानातून पोरांचे कपडे घेणाऱ्या बाया हे सर्रास करतात. पोरं वर्षात उंच होतात, कपडे न फाटताच आखूड होतात, म्हणून पोरांच्या जुन्या कपड्यांचा धंदा तिकडं मोठा. लेबल कापलेलं असलं की नंबर बघायचा, ब्रँड ओळखायचा, आणि पुढं विकायचं तर त्याप्रमाणं भाव लावायचा. काही जण तर नंबरावरून सालही काढतात. ढोबळमानानं नंबर जितका मोठा तितका उशिरा दिलेला. पण ते साल कंपनीनं नंबर घेतल्याचं, फ्रॉक शिवल्याचं नाही. यात पुष्कळ लोक फसतात.

५४०२३ हा नंबर गॅपचा आहे. गॅप म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. बेबीगॅप, गॅपकिड्स तिचेच, ओल्ड नेव्हीही तिचंच आणि बनाना रिपब्लिकही. एका नंबराखाली हे सगळं येतं. म्हंजे फ्रॉक गॅपचा की ओल्ड नेव्हीचा ते नुसत्या नंबरानं ठरत नाही, त्यासाठी कापलेल्या लेबलाचा रंग, अक्षराचं वळण बघावं लागतं. आणि अजून एक. फ्रॉक खरा आहे याचाही हा पुरावा नव्हे. जो ब्रँडचं खोटं लेबल छापतो त्याला पाच आकडे छापायला काय जड जातंय? उल्हासनगरचा मेड इन यूएसएचा जुना विनोद तुम्हाला माहितीच आहे. तेव्हा नंबर सापडला म्हणून लगेच त्या बाईला जाऊन सांगू नका की बघ, ओरिजिनल आहे. मी सांगणार होतो. खोटं कशाला बोलू, मोबाईल हातात घेऊन दारापर्यंत गेलो होतो.

आईनं अडवलं. म्हणाली, "कशाला? नंबर बघायला मला विचारायचं. मी पोतं पोतं नंबर बघितलेत."

आता आईचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाप गिरणीत होता. सूतखात्यात, अर्थात. विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला पूर्वी घेत नसत, कारण धागा तुटला की तो तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागे आणि आपली थुंकी लागलेला धागा वरच्या जातीच्या विणकराला चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न काढला होता. धाग्याला आपलं तोंड चालत नव्हतं, तोच धागा विणून झाला की अंगाला चालत होता. बापाच्या वेळेपर्यंत ते उघड कुणी बोलत नसे, पण बापाच्या ओळखीची सगळी माणसं सूतखात्यातच होती. संप संपलाच नाही नीट, बाप घरी बसला आणि आई अंधेरीला एक्स्पोर्टच्या कारखान्यात धागा कटिंगला लागली. शिवून आलेल्या पीसवरचे लोंबते धागे छोट्या कात्रीनं कापायचे. मग चेकिंगला घेतलं. लेबल सरळ लागलंय का, कापसाच्या मालाला पॉलिस्टरचं लेबल तर नाही लागलं, साइज बरोबर आहे का. लेबल उलटं लागलेला पीस परत आला तर पैसे कापायचे. आईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. आकडे यायचे. ती लेबलं आकड्यांवरून लावायची, म्हणजे कंपनी तिच्यासाठी एक नंबर होती. "तो सहा आकडेवाला कडक होता," असं ती अजून म्हणते. "त्याचा चेकर गोरा यायचा, फुटपट्टी घेऊन."

१९९६ साली एक दिवस सकाळी गेटला कुलूप. तेवीस दिवसांचा पगार आत. बाया लेबर ऑफिसला गेल्या. तिथं विचारलं, मालक कोण? बायांना ठेकेदाराचं नाव ठाऊक होतं, तेही नुसतं पहिलं. कंपनीचं नाव गेटवर कधीच नव्हतं. माल कुणासाठी शिवत होता? तेही ठाऊक नाही. हजेरीचं कार्ड नाही, पगाराची पावती नाही. आईनं पदराच्या गाठीतून एक लेबल काढून दाखवलं. साहेबानं ते हातात घेतलं, बघितलं आणि परत दिलं. म्हणाला, याचा काय उपयोग?

ते लेबल अजून आहे. काजळाच्या जुन्या डबीत. त्या रात्री आईनं ते काढलं आणि मी नंबर टाकला. दोन सेकंदात नाव आलं, न्यूयॉर्कचा पत्ता आला. आई एवढंच म्हणाली, "एवढं जवळ होतं होय."

ते नाव मी इथं लिहीत नाही. पगार बुडवला तो इथल्या मालकानं. न्यूयॉर्कवाल्याला ते कळलं होतं की नाही याचा कागद माझ्याकडं नाही. पण मला माझा मुद्दा मिळाला. आईच्या अंगाखालून हजारो पीस गेले, त्या प्रत्येकावर विकणाऱ्याचा नंबर होता, अमेरिकन सरकारनं दिलेला, जगात कुणालाही वाचता येईल असा. शिवणारा कारखाना कुठला हे त्यावर नव्हतं. तो आरएन नंबर अमेरिकेतल्याच धंदेवाल्याला मिळतो. तिरुपूरच्या, बंगळूरच्या, ढाक्याच्या कारखान्याला तो मागताच येत नाही. कायद्यानं गिऱ्हाइकाचा विचार केला. जबाबदार कोण, तर विकणारा. आणि शिवणाऱ्याच्या वाट्याला तीन शब्द. मेड इन इंडिया. शंभर कोटींच्या वर माणसं त्या तीन शब्दांत कोंबलीत.

याचं काय होतं ते बघा. २८ ऑक्टोबर २००७ ला लंडनच्या ऑब्झर्व्हर पेपरनं छापलं की दिल्लीत एका कोंदट जागेत लहान लहान पोरं गॅपकिड्सच्या कपड्यांवर भरतकाम करताहेत. पोरांचे कपडे पोरं शिवत होती. कंपनीनं तो माल मागं घेतला, विकणार नाही म्हणाली, आणि सांगितलं की पुरवठादारानं आमच्या परवानगीशिवाय काम बाहेर दिलं. २४ नोव्हेंबर २०१२ ला ढाक्याजवळ ताझरीन कारखाना जळाला, शंभराहून जास्त कामगार मेले. राखेत वॉलमार्टच्या ब्रँडचे कपडे सापडले. वॉलमार्टनं काय सांगितलं? पुरवठादारानं आमच्या परवानगीशिवाय काम बाहेर दिलं. वाक्यसुद्धा तेच, नवीन शिवायचे कष्ट नाहीत. पुढच्याच वर्षी २४ एप्रिलला राणा प्लाझा कोसळला. अकराशेच्या वर माणसं गेली, बहुतेक पोरीबाया. ढिगाऱ्यात कार्यकर्ते काय शोधत होते माहितीय? लेबलं. ऑर्डरचे कागद. मढी काढायची आणि मढ्यांच्या शेजारचं लेबल काढायचं, कारण त्याशिवाय माल कुणाचा हे सिद्ध होत नव्हतं. चिल्ड्रन्स प्लेस नावाची अमेरिकेची पोरांच्या कपड्यांची मोठी कंपनी आहे, तिचं नाव त्या इमारतीतल्या एका कारखान्याशी निघालं. कंपनी म्हणाली, इमारत पडली तेव्हा आमचं काम तिथं चालू नव्हतं. असेल. आधी माल घेतला होता हे मात्र तिनं नाकारलं नाही.

दूर ढाक्याचं कशाला. मे २०११ मध्ये नेदरलँडच्या दोन संस्थांनी तामिळनाडूच्या सूतगिरण्यांवर अहवाल काढला. लग्नाच्या हुंड्याला एकरकमी पैसे मिळतील म्हणून गावातल्या गरीब पोरी तीनतीन वर्षांसाठी गिरणीच्या हॉस्टेलात कोंडलेल्या. त्यात आपल्या पोरी किती, हे अहवालाच्या नावातच लिहिलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगुल जिल्ह्यातल्या एका कपड्याच्या कारखान्यातल्या दलित पोरीचा खून झाला. तिच्या सुपरवायझरला अटक झाली. तिथल्या बायांची युनियन, जिचं पुढारपण दलित बायांच्या हातात आहे, ती गप्प बसली नाही. माल कुणाकडं जातो हे त्यांनी धरून ठेवलं. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या मालकाला आणि एचअँडएमला त्यांनी करारावर आणलं, पुढं गॅपही आली. कारखान्यात बाईच्या अंगाला कुणी हात लावला तर दाद मागायची यंत्रणा, त्यात बायांच्या मजल्यामजल्यावरच्या प्रतिनिधी, आणि मालकानं ऐकलं नाही तर ब्रँडनं ऑर्डरवर परिणाम करायचा. हे झालं कशामुळं? माल कुणाचा, हे युनियनला सांगता आलं यामुळं. लेबर ऑफिसात आईच्या हातात तेच लेबल होतं, पण वाचणारा नव्हता.

म्हणून मला या नंबरात रस. ब्रँड ओळखून भाव ठरवायचा तर ठरवा, माझी तक्रार नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण त्या गळा उलटणाऱ्या बाईच्या शाळेतलेच. तिला मालाची जात बघायची होती, आपल्यालाही तेवढीच बघायची काय?

लेबल नीट बघितलं की आरएनच्या खालीवर अजून काही आकडे असतात. स्टाइल नंबर असतो. काहींवर मोसमाची अक्षरं असतात, उन्हाळ्याचा माल, हिवाळ्याचा माल. आणि कित्येकांवर पुरवठादाराचा किंवा ऑर्डरचा आकडा असतो. म्हणजे कंपनीला पक्कं ठाऊक असतं हा पीस कुठल्या कारखान्यातून आला. परत पाठवायचा तर कुणाला, पैसे कापायचे तर कुणाचे, हे ती त्याच आकड्यावरून ठरवते. त्याची किल्ली मात्र तिच्या खिशात. विकणाऱ्याच्या नंबराची यादी उघडी, शिवणाऱ्याच्या आकड्याची यादी बंद. हा योगायोग नाही भिडूंनो.

थोडी फट पडलीय. नायके आणि लिवाइसनं २००५ मध्ये आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर केल्या. त्याही हौसेनं नाही, बोंबाबोंब झाली म्हणून. पुढं गॅपनंही यादी लावली. २०१९ पासून अशा याद्या एकत्र करणारी एक उघडी नोंदही आहे, आता तिचं नाव ओपन सप्लाय हब. तिथं कारखान्याच्या नावानं शोधता येतं, गावाच्या नावानं शोधता येतं. आपल्या कुणाची बहीण, वहिनी, मावशी शिवणाच्या कारखान्यात जात असेल तर तिच्या कारखान्याचं नाव टाकून बघा. कुणासाठी शिवते हे तिला त्या दिवशी कळेल. पण त्या यादीत कारखाना असतो, ज्या कारखान्यानं काम गुपचूप ज्या गाळ्यात दिलं तो गाळा नसतो. धारावीच्या माळ्यावर दहा मशिनी टाकून बसलेला कारखाना त्यात सापडायचा नाही. आणि परवानगीशिवायचं ते वाक्य नेमकं तिथंच कामाला येतं.

तेव्हा मागणी साधी आहे. पीसवरच्या पुरवठादाराच्या आकड्याची किल्ली उघडी करा, जशी आरएनची आहे. पीस ज्या गाळ्यात गेला त्या गाळ्यासकट. कागद वाढेल म्हणतील. कापूस किती टक्के हे एक टक्का न चुकवता छापता, तेव्हा कागद वाढत नाही? आणि आपल्याकडून एवढंच, की पोरं आंबेडकर जयंतीला नवे कपडे घेतील तेव्हा बाजूची शिवण एकदा उलटून बघा. घाला जरूर. भारीतलं घाला. पण बघा.

भाचीनं फ्रॉक आठवडाभर अंगावरून काढला नाही. मग म्हणायला लागली, इथं टोचतंय. ताईनं कात्री घेतली आणि बाजूच्या शिवणीतलं ते पांढरं लेबल मुळापासून कापलं. कचऱ्यात टाकणार, एवढ्यात आईनं हात पुढं केला. आता काजळाच्या डबीत दोन लेबलं आहेत.